तंजावरचा वाडा : हक्क आणि मेहेरबानी

तंजावरच्या राजवाड्याचे मूळ बांधकाम सोळाव्या शतकातील नायक राजांचे. 1675-76 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर भोसल्यांनी तो मोडला नाही; त्यात राहून तो वाढवला. जाड खांबांचा, कमानींवर रंगीत चुन्याचे नक्षीकाम असलेला दरबार 1684 चा, शहाजीराजांच्या कारकिर्दीतला. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह नायकांपासूनचा. त्याला आजची थोरवी दिली ती दुसऱ्या सरफोजीराजांनी (1798-1832).

पण हा वाडा राज्याचा की कुटुंबाचा? 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य संपल्याचे ठरवले. 1856 मध्ये कंपनीचे अधिकारी सैनिकांसह वाड्यात आले. खासगी चीजवस्तूंनाही मोहोरा लागल्या. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या न्यायालयात दावा जिंकला. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. जप्ती ही सार्वभौम सत्तेची कृती असल्याने तिची न्याय्यता तपासणे न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असे कारण दिले गेले. 1862 मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना परत केली. हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

जमाखर्चात दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. परंतु मेहेरबानी करणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही, आणि ती मागे घेतानाही नाही. मालमत्ता ताब्यात घेण्याच्या आदेशावर सही करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा फरक ध्यानी ठेवावा. सरस्वती महाल 1918 मध्ये सार्वजनिक झाला. तेथील मोडी कागद वाचायला मात्र आपणच जायला हवे.