तळटीप १७ : मखमली कृमी (पेरिपॅटस)

१७. कीटकांच्या ओघात लेखकाने या प्राण्यालाही ‘किडा’ म्हटले आहे, पण तो कीटक नव्हे. कीटकाला कठीण कवच आणि सांधे असलेले सहा पाय असतात. याचे अंग मऊ असते. प्रजातीनुसार पायांच्या १३ ते ४३ जोड्या असतात, पण पायांना सांधे नसतात, ते आतल्या द्रवाच्या दाबावर ताठ राहतात. श्वासनलिका कीटकांसारख्याच आहेत, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्यांची छिद्रे याला मिटता येत नाहीत, म्हणून कोरड्या हवेत तो लवकर सुकतो आणि ओल सोडून राहू शकत नाही. मग गांडुळाचा भाऊबंद म्हणावे, तर हा कायटिनयुक्त त्वचा टाकतो, गांडूळ कात टाकत नाही. पाठ्यपुस्तकांनी त्याला वलयी व संधिपाद प्राण्यांमधला ‘दुवा’ ठरवले, तेही आता टिकत नाही : जनुकीय पुराव्यानुसार तो संधिपादांच्या जवळचा, पण स्वतंत्र संघ आहे. तोंडाशेजारच्या दोन ग्रंथींतून चिकट द्रवाच्या पिचकाऱ्या मारून भक्ष्य जखडणे, ही तर त्याची खासियतच. भारतातील ज्ञात प्रजाती टायफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनी ही १९११-१२च्या अबोर मोहिमेत सियांग खोऱ्यात (आजचा अरुणाचल प्रदेश) मिळाली. स्टॅन्ली केम्प यांनी १९१३मध्ये तिचे वर्णन केले. शतकभराने ती त्याच खोऱ्यात पुन्हा आढळली.