पाचट आणि पराट्यांपासून तेल: सुपरक्रिटिकल पाण्याचे तंत्र

ऊस तुटला की हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात राहते. ते पेटवू नये, हे बहुतेकांना पटले आहे. पण काडीकचऱ्यापासून तेल निघते असे ऐकले, की पाचट विकावे का असा प्रश्न पडतो.

पाणी ३७४ अंश सेल्सिअसच्या वर तापवून दाब २२१ बारच्या पुढे नेला, तर ते ना धड द्रव राहते, ना वाफ. हेच सुपरक्रिटिकल पाणी. ठिबकची नळी साधारण १ किलो दाबावर चालते. इथे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोनशे किलो दाब लागतो. या अवस्थेत पाण्याचा स्वभाव उलटतो. एरवी मीठ विरघळवणारे पाणी तेलकट पदार्थ विरघळवते आणि क्षार बाहेर टाकते. त्यामुळे लिग्नाइट कोळसा किंवा तेल शुद्धीकरणातून उरलेला डांबरासारखा गाळ यांचे मोठे रेणू तोडून हलके तेल मिळवता येते.

वनस्पतींसाठी तापमान थोडे कमी, साधारण २८० ते ३७० अंश ठेवतात. त्याहून वर गेल्यास तेल घटून वायू वाढतो. सेल्युलोज आणि लिग्निन तुटतात, त्यांतला बराच ऑक्सिजन निघून जातो आणि दाट, काळे तेल वेगळे होते. लाकूडवर्गीय मालातून कोरड्या वजनाच्या साधारण पाव ते एकतृतीयांश तेल मिळते. त्यात ऑक्सिजन उरतोच, म्हणून रिफायनरीत हायड्रोजनची प्रक्रिया केल्याशिवाय ते ट्रॅक्टरमध्ये घालता येत नाही.

ओल्या मालाचे तंत्र

या पद्धतीची खरी ताकद म्हणजे माल वाळवावा लागत नाही. शेवाळ, जलपर्णी, सांडपाण्याचा गाळ यांना ती शोभते. पाचट आणि पराट्या मुळातच वाळलेल्या; त्या बारीक दळून, पाण्यात कालवून पंपाने ढकलाव्या लागतात. पाचटातील सिलिका आणि पालाश क्षार होऊन नळ्यांत साचतात, क्लोराइडमुळे धातू गंजतो. एवढा दाब सांभाळणारे यंत्र गावपातळीवर बसवण्याजोगे नाही. कोणी तसे यंत्र विकायला आले, तर सावध राहावे. प्रक्रियेतून उरलेल्या पाण्यात फिनॉल असते. ते शुद्ध केल्याशिवाय पिकाला देऊ नये.

विकण्याआधी हिशेब

पाचटात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.७ ते १ टक्का पालाश असतो. म्हणजे १० टन पाचट विकले, तर ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि ७० ते १०० किलो पालाश शेताबाहेर जाते. सेंद्रिय कर्ब जातो तो वेगळाच, आणि तो खताच्या गोणीतून परत आणता येत नाही. गासड्या बांधणी आणि वाहतूक कोणाकडे, वजन ओले धरणार की कोरडे, हे आधी ठरवून घ्यावे. मिळणाऱ्या रकमेतून वरील खतांची किंमत वजा करून पाहावी. हलक्या, कर्ब कमी असलेल्या जमिनीतील पाचट मात्र विकू नये. ते सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकावे.