१७ सप्टेंबर : एक दिनांक, अनेक स्मृती

प्रतिवर्षी १७ सप्टेंबरच्या प्रातःकाळी सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी ध्वज फडकतो आणि आपल्या शहराचा मुक्तिदिन साजरा होतो. वास्तविक पाहता १९४८ मध्ये या तारखेच्या आधीच भारतीय सैन्य औरंगाबादेत दाखल झाले होते. म्हणजे आपण जपतो तो दिवस मुख्यतः हैदराबादेतील घोषणेचा आहे. १३ सप्टेंबरला सुरू झालेल्या कारवाईनंतर पाचव्या दिवशी, १७ तारखेला, मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धविराम जाहीर केला. कारागृहात असलेल्या स्वामी रामानंद तीर्थांची सुटकाही त्याच दिवशी झाली. औपचारिक शरणागती मात्र दुसऱ्या दिवशीची. १८ सप्टेंबरला निजामाचे सेनापती अल इद्रूस हे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरण आले.

हा दिवस केवळ सैन्याचा नव्हे, याचे स्मरण आपल्या शहराने विशेषत्वाने ठेवावे. १९३८ मध्ये येथील महाविद्यालयाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क सोडला नाही. ती चळवळ संस्थानभर पसरली आणि अनेक विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी नागपूरची वाट धरावी लागली. त्या मुलांना दहा वर्षांनंतरची ती सायंकाळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही. तिथीने पाहू जाता ते दिवस भाद्रपद शुद्ध पक्षाच्या उत्तरार्धातील, म्हणजे दशलक्षण पर्वाच्या सांगतेचे होते. पौर्णिमा सरताच क्षमावाणी आली. मंदिरांतून परस्परांची क्षमा मागितली जात असता संस्थानात मात्र सूडाचे पर्व सुरू झाले होते. रझाकारांच्या अत्याचारांनी ग्रामीण जनता होरपळली होती, हे निर्विवाद. परंतु कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांत जे घडले, त्यात बहुतांशी निरपराध मुसलमान बळी पडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने बळींची संख्या २७ ते ४० हजार असावी असा अंदाज वर्तविला. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. २०१३ मध्ये तो सर्वांसमोर आला. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही तो अवश्य वाचावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्याच १७ सप्टेंबर १९४८ रोजी दूर जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे शांतिदूत काउंट फोक बर्नाडोट यांची हत्या झाली. योगायोग असा की, आदल्याच दिवशी पॅरिस येथे सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार आली होती. ती पुढे २२ तारखेला निजामाने मागे घेतली.

जन्मदिनांकडे वळावे तर हा दिवस मोठा तऱ्हेवाईक दिसतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी राहिलेले प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे १८८५ मध्ये पनवेल येथे जन्मले, तर पेरियार रामस्वामी १८७९ मध्ये इरोड येथे. दोघेही रूढीभंजक, दोघेही धारदार लेखणीचे. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपुरात झाला. १९५० मध्ये वडनगर येथे जन्मलेले नरेंद्र मोदी पुढे देशाचे पंतप्रधान झाले. कविवर्य वसंत बापट यांनी मात्र २००२ मध्ये याच दिवशी निरोप घेतला.

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील तीन राज्यांत या दिनाला आज निरनिराळी नावे आहेत. आपल्याकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात कल्याण कर्नाटक उत्सव. तेलंगणात तर नाव सरकारागणिक बदलले : २०२२ मध्ये राष्ट्रीय एकता दिन, २०२४ मध्ये प्रजा पालन दिन, आणि केंद्र सरकारच्या लेखी हैदराबाद मुक्ती दिन.