क्रॉस-ओरिजिन विनंत्यांचे प्रमाणीकरण

ब्राउझरमधील स्क्रिप्टने दुसऱ्या डोमेनवरील वेबसेवेकडे पाठवलेल्या विनंतीमागचा वापरकर्ता ओळखण्याची पद्धती. उदा., नागपुरातील एखाद्या पुस्तकविक्रेत्याच्या संकेतस्थळाने वेगळ्या डोमेनवरील सेवेकडून ग्राहकाच्या खरेदीची नोंद मागवणे.

प्रोटोकॉल, होस्ट व पोर्ट ही तिन्ही जुळली तरच दोन पत्त्यांचा उगम (ओरिजिन) एक मानतात. परक्या उगमाची माहिती स्क्रिप्टला वाचू न देण्याचा नियम १९९५ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरमध्ये आला. २००५ च्या सुमारास पुढे आलेल्या जेसनपी या पद्धतीने तो टाळता येई. परंतु तीत परकी स्क्रिप्ट पानाच्या पूर्ण अधिकारानिशी चाले.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१४ मध्ये ‘कॉर्स’ (क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग) या यंत्रणेला शिफारशीचा दर्जा दिला. कोणत्या उगमाला उत्तर वाचता येईल, हे यात सर्व्हर हेडरमधून कळवतो. साध्या नसलेल्या विनंतीपूर्वी ब्राउझर ‘ऑप्शन्स’ विनंती पाठवून परवानगी विचारतो. कुकीसह पाठवलेल्या विनंतीचे उत्तर वाचू देण्यासाठी सर्व्हरने उगमाचे नेमके नाव द्यावे लागते. सर्वांना मुभा देणारे तारांकन चालत नाही.

कॉर्स म्हणजे प्रमाणीकरण नव्हे. ब्राउझरबाहेरील प्रोग्रामला ते रोखत नाही. वापरकर्त्याच्या वतीने प्रवेश देण्यासाठी बहुधा ओऑथ २.० (२०१२) नुसार मिळालेले अल्पमुदतीचे टोकन ‘ऑथोरायझेशन’ हेडरमधून पाठवतात. पानावरील स्क्रिप्ट कोणालाही वाचता येत असल्याने गुप्त किल्ली तीत कधीही ठेवू नये. कुकी वापरल्यास बनावट विनंत्यांपासून संरक्षणाची स्वतंत्र तजवीज आवश्यक असते.