काडी ओढण्यापूर्वी : तलफेच्या अभ्यासाचा इतिहास

धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात निकोटिन पोहोचण्यापूर्वीच, केवळ दुसऱ्याच्या हातातील पेटती सिगारेट किंवा टेबलावरचा लायटर दिसताच, काही बदल घडू लागतात, ही गोष्ट आज सर्वमान्य असली तरी तिचा शोध तंबाखूच्या अभ्यासातून लागलेला नाही. १८२८ साली हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान यांनी तंबाखूतून निकोटिन वेगळे काढले आणि १८८९ मध्ये केंब्रिजच्या लँग्ली व डिकिन्सन यांनी त्याचा मज्जापेशींच्या गुच्छांवरील परिणाम दाखवून दिला. परंतु या संशोधनातून त्या द्रव्याचे गुणधर्म कळले, त्या द्रव्याची वाट पाहणारे शरीर मात्र त्यात कोठेच नव्हते. त्या शरीराकडे लक्ष गेले ते अफूच्या वाटेने.

मुळात निरर्थक असलेली एखादी खूण परिणामकारक गोष्टीच्या जोडीने वारंवार येत राहिली, की पुढे ती एकटीच शरीराकडून प्रतिसाद उमटवून घेते. या प्रक्रियेला मानसशास्त्रात अभिसंधान म्हणतात आणि तिचे नाव निघताच रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्हचा कुत्रा व अन्नाच्या नुसत्या खुणेने सुटणारी त्याची लाळ आठवते. पावलोव्हच्या १९२७ साली इंग्रजीत आलेल्या व्याख्यानांत त्याहून अधिक बोलके असे एक निरीक्षण नोंदलेले आहे. ताश्कंदच्या जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेतील डॉ. क्रिलोव्ह कुत्र्यांना अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिनचे इंजेक्शन देत असत आणि त्यानंतर कुत्र्यांना मळमळ, लाळ, वांती आणि शेवटी झोप असा क्रम अनुभवावा लागे. पाच-सहा दिवसांनंतर मात्र इंजेक्शनची तयारी सुरू होताच, औषधाचा थेंबही अंगात गेलेला नसताना, हाच सारा क्रम घडू लागला आणि काही कुत्र्यांच्या बाबतीत तर प्रयोगकर्ता समोर दिसणेही पुरेसे ठरले. अमली द्रव्याचा परिणाम द्रव्याविना घडू शकतो, याची ही एक आरंभीची आणि अत्यंत स्पष्ट नोंद होय.

माणसांच्या संदर्भात हा विचार नेटाने मांडला तो अब्राहम विक्लर या मानसोपचारतज्ज्ञाने. अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे १९३५ साली अफूच्या व्यसनींसाठी एक सरकारी रुग्णालय उघडण्यात आले होते आणि तेथे कैदी व स्वेच्छेने आलेले रुग्ण एकत्र राहत. द्रव्य सुटून महिनोन् महिने लोटलेल्या रुग्णांच्या गटचर्चेत अफूचा विषय निघाला, की काही जणांना जांभया येऊ लागत, नाक गळू लागे, डोळ्यांत पाणी येई, म्हणजेच द्रव्य बंद केल्यावर पहिल्या दिवसांत होणारा त्रास केवळ शब्दांनी परत येई, असे विक्लरने पाहिले आणि १९४८ पासून त्याने त्याचा अर्थ अभिसंधानाच्या भाषेत लावला. येथील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांत त्यांच्या संमतीला खरा अर्थ किती होता, हा प्रश्न पुढे गंभीरपणे विचारला गेला; या ज्ञानाची ती किंमत इतिहासाने नजरेआड करता कामा नये.

तंबाखूला हा विचार लागू होण्यास मात्र विलंब लागला आणि त्याचे एक कारण शब्दांच्या वापरात होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारी आरोग्यप्रमुखाचा, १९६४ चा प्रसिद्ध अहवाल सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधाबाबत निःसंदिग्ध होता, पण धूम्रपानाला त्याने ‘व्यसन’ न म्हणता ‘सवय’ म्हटले. सिगारेट व्यसन लावते आणि ते निकोटिनमुळे, हे त्याच पदाच्या अहवालातून अधिकृतपणे सांगितले जाण्यास १९८८ उजाडावे लागले. वास्तविक अभिसंधानाला सिगारेटइतकी अनुकूल वस्तू क्वचितच सापडेल. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते, एका सिगारेटीचे सुमारे दहा झुरके धरले तर दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा माणूस वर्षाकाठी सत्तर हजारांहून अधिक झुरके घेतो, आणि त्यातील प्रत्येक झुरक्याबरोबर एखादी चव, एखादी जागा, एखादी सोबत किंवा मनाची एखादी अवस्था जोडली जाते.

मनाची अशी सर्वांत महत्त्वाची अवस्था म्हणजे ताण, आणि येथे संशोधकांपुढे एक कोडे होते. निकोटिनने नाडी जलद होते व रक्तदाब वाढतो, म्हणजे शरीर उत्तेजित होते; तरीही ओढणारा मात्र शांत वाटल्याचे सांगतो. या विसंगतीला १९७० च्या दशकात, संशोधक पॉल नेस्बिट यांच्या नावावरून, ‘नेस्बिटचा विरोधाभास’ म्हटले जाऊ लागले. कोलंबिया विद्यापीठातील स्टॅन्ली शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेचे सौम्य धक्के सोसण्याच्या प्रयोगांत धूम्रपान न करणाऱ्यांनाही तुलनेसाठी घेतले, तेव्हा निकोटिन मिळालेले धूम्रपानी त्यांच्याहून अधिक धीराचे न ठरता फक्त त्यांच्या बरोबरीला आले आणि निकोटिन न मिळालेले त्यांच्या मागे पडले. सिगारेट काही बहाल करत नव्हती. तिच्या अभावाने हिरावून घेतलेले तेवढे परत करत होती. ताणामुळे लघवी अधिक आम्लधर्मी होते, त्यामुळे निकोटिन लवकर बाहेर पडते आणि म्हणून माणूस जास्त ओढतो, असे शॅक्टर यांचे पुढचे प्रतिपादन होते. लघवीची आम्लता उतरवणाऱ्या सोड्याच्या गोळ्या दिलेल्या धूम्रपानींचे ओढणे ताणानेही वाढले नाही, असे त्यांना दिसले. निकोटिनचे बहुतांश विघटन यकृतात होत असल्याने हे स्पष्टीकरण पुढे तोकडे ठरले, तरी तुलनेचा त्यांचा धडा टिकला. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि त्यातून उद्भवणारी बेचैनी बाहेरच्या ताणासारखीच जाणवते. त्यामुळे धूम्रपानी व्यक्ती दिवसभर स्वतःच निर्माण केलेला ताण शमवत असते, हे मानसशास्त्रज्ञ अँडी पॅरट यांनी १९९९ मध्ये ठामपणे मांडले.

त्याच वर्षी कार्टर आणि टिफनी या संशोधकांनी दारू, सिगारेट, कोकेन व हेरॉइन यांच्या व्यसनींवरील ४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. व्यसनाशी निगडित वस्तू दिसताच हृदयाचे ठोके व तळहाताचा घाम वाढतो आणि त्वचेचे तापमान किंचित उतरते, असे त्यात आढळले. परंतु हे बदल माफक होते आणि व्यसनींनी स्वतः सांगितलेली तलफ त्यामानाने फारच तीव्र होती. यावरून शरीराची साक्ष दुबळी ठरते असे नव्हे, तर नाडी आणि घाम मोजणारी उपकरणे तलफेचा केवळ काठ पाहतात, असेच म्हणणे योग्य होईल. शिवाय तंबाखूविषयीचे हे ज्ञान मुख्यतः सिगारेटवर उभे आहे. महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारेच अधिक असल्याने चंचीची गाठ सुटणे, तळहातावर चुना मळला जाणे आणि त्यावर थाप पडणे या खुणा तितक्याच बारकाईने तपासल्या जाणे अगत्याचे आहे.

या संशोधनातून निघालेला उपचार सरळ होता : रुग्णापुढे सिगारेट व लायटर पुन्हा पुन्हा ठेवावे, ओढू मात्र देऊ नये, म्हणजे खुणेला उमटणारा प्रतिसाद हळूहळू विझेल. कॉन्क्लिन आणि टिफनी यांनी २००२ मध्ये अशा उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचे यश तुटपुंजे असल्याचे दिसले, कारण दवाखान्याच्या खोलीत विझलेला प्रतिसाद त्या खोलीशीच बांधलेला राहतो आणि रुग्ण आपल्या नेहमीच्या कोपऱ्यावर परतला की पुन्हा जागा होतो. विझवलेली लाळ थोड्या विश्रांतीनंतर आपोआप परत येते, ही नोंद पावलोव्हच्या प्रयोगवहीत या उपचारांच्याही कितीतरी आधी झालेली होती.