कापडावरची मांजरे : निर्हेतुक हास्याचा एक मराठी इतिहास

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल सोडून दक्षिणेकडे निघाले की थोड्याच वेळात कर्नाळ्याच्या किल्ल्यावरचा सुळका दिसू लागतो. या परिसरातल्या बहुतेकांना तो अंगठ्यासारखा दिसतो. इंग्रजी अमदानीत याच डोंगराला ‘फनेल हिल’ हे नाव पडले. फनेल म्हणजे नरसाळे, किंवा आगबोटीचे धुराडे. दगड एकच, पाहणाऱ्यांपैकी कोणाला त्यात आभाळाला दाखवलेला अंगठा दिसला, कोणाला डोंगरावर चढून बसलेली आगबोट. हे साम्य प्रथमच ध्यानात येते तेव्हा माणूस स्वतःशीच हसतो. या हसण्यात कोणाची फजिती नसते, कोणाला टोला नसतो, बोध तर नसतोच. दोन अगदी परक्या वस्तू क्षणभर एकाच जागी आल्या, एवढेच घडलेले असते. आणि तरीही मन किंचित हलके होते.

या हलके होण्याला मराठी हास्यचित्रांच्या परंपरेत एक इतिहास आहे. साहित्याच्या वर्गात तो सहसा सांगितला जात नाही. त्याची काही पाने येथे उलगडून पाहावीत असा आमचा मानस आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. आपण सर्रास ‘व्यंगचित्र’ म्हणतो. व्यंग म्हणजे उणीव, वैगुण्य. म्हणजे हे चित्र कोणाचे तरी वैगुण्य दाखविण्यासाठीच काढलेले असते, हे गृहीत त्या नावातच दडले आहे. हे गृहीत आले कोठून, हे शोधणे अवघड नाही. लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ सुरू झाला आणि त्याच्या अनुकरणाने हिंदुस्थानात अनेक ‘पंच’ निघाले. मराठीतला ‘हिंदू पंच’ १८७०च्या दशकात ठाण्याहून निघत होता. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. तेव्हा हे आमच्या परिसराचेही जिल्हापत्र म्हणावयास हरकत नाही. ‘पंच’ या नावातच ठोसा आहे. सत्ताधाऱ्यांना, ढोंग्यांना, सुधारकांना आणि सनातन्यांना चिमटे काढणे हे या परंपरेचे काम. पुढे शंकरराव किर्लोस्करांनी आपल्या कुंचल्याने सामाजिक रूढींवर फटकारे ओढले. १९६० साली ‘मार्मिक’ निघाले आणि बाळ ठाकरे यांच्या रेषेने राजकीय चित्राला धार दिली. या सर्वांचे मोल मोठे आहे. मात्र या परंपरेत हास्याला नेहमी एक लक्ष्य लागते. कोणी तरी हरते आणि मग आपण हसतो.

दुसरी एक परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याची कारणे सांगताना विकृत वेष आणि विकृत अलंकार यांचा उल्लेख येतो. अलंकार भलत्या जागी घातला तर तो शोभत नाही, कमरेची मेखला छातीवर बांधली तर हसूच येते, असेही भरत सांगतो. वस्तू खोटी नाही, शरीर खोटे नाही. फक्त जागा चुकली आहे. आमच्या संतांच्या कूटरचनांत काट्याच्या टोकावर गावे वसतात. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी एटू लोकांचा एक अख्खा देशच वसवला. असंभवाशी असे खेळणे मराठीला परके कधीच नव्हते. चित्राच्या माध्यमात या खेळाला हक्काची जागा मिळायला मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

ती जागा होती दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकांच्या सणात साहित्याचा फराळ कायमचा आला. पुढे या अंकांवर रूपवती स्त्रीचे चित्र असणे हा जणू शिरस्ताच झाला. ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी हा शिरस्ता मोडण्याचे धाडस केले, आणि त्यासाठी त्यांना साथ मिळाली ती शि. द. फडणीस या तरुण चित्रकाराची. फडणीस यांचा जन्म १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावचा. चित्रकलेचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले. १९५१ साली ‘हंस’साठी त्यांनी हास्यचित्राचे मुखपृष्ठ केले आणि १९५२ साली ‘मोहिनी’साठी ते चित्र काढले, ज्याची आठवण जुने वाचक अजूनही काढतात. चित्रात एक तरुण आणि एक तरुणी. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. माणसे आपापल्या जागी सभ्यपणे उभी. नक्षीतले प्राणी मात्र एकमेकांची चाहूल लागून जागे झालेले. चित्राखाली एकही शब्द नाही.

या चित्रात कोण हरले? तरुण नाही, तरुणी नाही, कापडगिरणीही नाही. समाजाच्या कोणत्या दोषावर बोट ठेवले? कोणत्याच नाही. नक्षी जिवंत असती तर काय झाले असते, एवढा एकच अशक्य प्रश्न चित्रकाराने स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर कमालीच्या प्रामाणिकपणे रेखाटले.

येथे तारखांकडे लक्ष वेधावेसे वाटते. पॅरिसमध्ये आयनेस्कोचे ‘द बाल्ड सोप्रानो’ १९५० साली रंगमंचावर आले आणि बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ १९५३ साली. १९६१ साली मार्टिन एस्लिनने या नाटकांना ‘ॲब्सर्ड’ या नावाखाली एकत्र आणले आणि तोच शब्द आपल्या अभ्यासक्रमात रुजला. म्हणजे पॅरिसच्या रंगमंचावर तर्क कोसळत होता, त्याच तीन-चार वर्षांत मराठी मासिकाच्या मुखपृष्ठावरही तो बाजूला ठेवला जात होता. पण परिणामात केवढे अंतर! तेथे महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मनाला जगाची असंगती भयाण वाटली. येथे रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या, फाळणीच्या बातम्या पचवलेल्या वाचकाला तीच असंगती सणाच्या पणतीसारखी वाटली. साहित्याच्या वर्गात आपण असंगतीची ओळख केवळ निराशेच्या दाराने करून देतो. तिला दुसरेही दार आहे, हे हास्यचित्र सांगते.

मग या दुसऱ्या दाराने आत गेल्यावर मन हलके का होते? न. चिं. केळकर यांनी ‘सुभाषित आणि विनोद’ (१९०८) आणि पुढे त्याचा विस्तार असलेल्या ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) या ग्रंथांतून हास्याची कारणमीमांसा मराठीत आणली. त्याच्याही आधी, १७९० साली, कांटने म्हटले होते की ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरली की हसू येते. विसंगतीच्या या उपपत्तीने हसू फुटण्याचा क्षण समजतो; हसून झाल्यावर मागे राहणारा हलकेपणा मात्र तिने पुरता समजत नाही. आमच्या मते त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की या हास्याला बळी नसतो. उपहासाने हसणारा मनुष्य नकळत एका पक्षात उभा राहतो. त्याच्या हसण्यात थोडा राग, थोडी विजयाची चव असते. मांजराच्या नक्षीला पाहून हसणाऱ्याला कोणत्याच पक्षात जावे लागत नाही. सदैव बाजू घेत राहण्याचा शीण थोडा वेळ उतरतो. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले, त्यांत स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीचे मानले. फडणीसांच्या चित्रांनी उमटते ते बहुधा स्मितच.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. अशा चित्रात अशक्य गोष्ट एकच असते. बाकी सारे जग नेटके, तर्कशुद्ध, ओळखीचे असते. साडीचा पदर जागच्या जागी, शर्टाची बटणे बरोबर लावलेली. एकदा ती एक अट मान्य केली की पुढचे सारे तिच्यातून रीतसर निघते. मनाला एकाच वेळी धक्काही मिळतो आणि सुव्यवस्थाही. नुसता धक्का असता तर भय वाटले असते, नुसती व्यवस्था असती तर कंटाळा आला असता.

तिसरे कारण शब्दांच्या अभावाचे. निःशब्द चित्रात विनोद शोधण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपवलेले असते. तो सापडला की आनंद दुहेरी होतो, कारण हसू चित्रकाराचे असले तरी शोध आपला असतो. खिन्न मनाला ‘हास’ असे सांगून उपयोग नसतो; त्याला शोधण्यासारखे काही तरी द्यावे लागते.

याचा अनुभव आम्ही वर्गातही घेतला आहे. टाळेबंदीनंतर महाविद्यालये पुन्हा सुरू झाली तेव्हा विद्यार्थी येऊन बसत, पण बोलत नसत. एका तासाला आम्ही पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून काही निःशब्द हास्यचित्रे पडद्यावर दाखवली. प्रथम मागच्या बाकावरून एक हसण्याचा आवाज आला. ज्यांना गंमत कळली नव्हती त्यांनी वळून पाहिले आणि मग त्यांना ती समजावून सांगण्याची धांदल उडाली. कितीतरी दिवसांनी ती मुले एकमेकांशी बोलत होती. रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, खळखळून हसल्यानंतर माणसाची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली आढळली. आम्ही काही मोजमाप केले नाही. त्या तासाला वर्गाचा आवाज परत आला, इतकेच पाहिले.

या हास्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. लक्ष्य नसलेले हास्य म्हणजे पळवाट. समाज जळत असताना नक्षीतली मांजरे काढणे ही मध्यमवर्गीय चैन होय, असे म्हणणारे समीक्षक आपल्याकडे आहेत. निर्हेतुकपणाचा दावा करणारा प्रत्येक विनोद खरोखर निर्हेतुक असतो असेही नाही, हे आम्हांला मान्य आहे. मधुकर पाटकर यांच्या ‘आवाज’ने, ज्याची सुरुवात १९५१ची, खिडकीचित्राची अफलातून कल्पना लोकप्रिय केली. पानाला कापलेली खिडकी उघडली की पहिल्या चित्राचा अर्थच उलटा होई. युक्ती असंगतीचीच, पण बऱ्याच खिडक्यांमागे स्त्रीदेहाविषयीची चावट अपेक्षा उभी केलेली असे. तेथे बळी होता, फक्त तो गृहीत धरलेला होता. म्हणून निर्हेतुक हास्याची परीक्षा सोपी असली तरी कठोर आहे: चित्रातल्या प्रत्येकाला ते चित्र दाखवता येईल का? मांजराच्या नक्षीचे चित्र या परीक्षेला उतरते.

पळवाटेच्या आक्षेपाला उत्तर इतिहासानेच दिले आहे. हे हास्य जीवनापासून दूर गेले नाही. ते नको त्या ठिकाणी शिरले. फडणीसांच्या रेषा बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत गेल्या, जेथे पिढ्यान्‌पिढ्या मुले भीतीने पाने उलटत. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची खिल्ली उडवू लागले तेव्हा वसंत सरवटे यांनी त्या सदराला चित्ररूप दिले आणि टोपी उडवण्याच्या कामातही खेळकरपणा राखला. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) तर मेलेला भाऊराव स्वतःच्या मृत्यूचे कीर्तन करतो, निराशेचे दार आणि हास्याचे दार येथे एकाच ओसरीवर उघडतात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला, तेव्हा खून-अपघातांच्या बातम्यांशेजारी तीन-चार चौकटींची एक मोकळी जागा रोज सकाळी मिळू लागली. मुलाचा तर्क मोठ्यांच्या जगात नेला की काय होते, हे त्या चौकटी दाखवत.

हास्यचित्राने दुःख नाहीसे होते असा आमचा दावा नाही. शोक करणाऱ्याच्या हातात चित्र ठेवणे हा उद्धटपणाच ठरेल. पण खिन्नता ही शोकाहून वेगळी गोष्ट आहे. जगाची मांडणी आता बदलणारच नाही असे वाटू लागणे, हे तिचे लक्षण. तिच्यासमोर एक असे चित्र धरावे, ज्यात मांडणी एका जागी, अगदी थोडी, कोणालाही न दुखवता बदललेली आहे. मन तेवढे सैल होते. तेवढे पुरते.

अभ्यासक्रमात विनोदी साहित्याची अभ्यासपत्रिका असते. तीत कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, पु. ल. असतात आणि असायलाच हवेत. चित्रे मात्र नसतात. जणू हास्य वाचता येते, पाहता येत नाही. सहकारी प्राध्यापकांना आमची सूचना एवढीच, की ‘महानिर्वाण’ शिकवण्याच्या आदल्या तासाला एक निःशब्द हास्यचित्र वर्गात लावावे आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा: यात कोण हरले? ‘कोणीच नाही’ हे उत्तर यायला थोडा वेळ लागतो. तो वेळ त्यांना द्यावा.