शर्यतीचे मैदान आणि खिल्लार बैल



आजच्या भाषणाचा विषय शर्यतीचे मैदान हा आहे. प्रथमदर्शनी तो जत्रेतील करमणुकीचा वाटेल. परंतु एखाद्या समाजाने आपल्या नित्याच्या वाहनाची परीक्षा कोठे व कशी घेतली हे पाहू लागले, म्हणजे त्या समाजाच्या कष्टांचा इतिहासच हाती लागतो.

प्रथम एक दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात डार्लिंग्टन येथे १९५० साली मोटारींच्या शर्यतीसाठी एक लंबवर्तुळाकार मार्ग खुला झाला. ज्याची जमीन घेतली, त्याचे लहान माशांचे तळे तसेच राखावयाचे होते. म्हणून मार्गाचे एक टोक अरुंद करावे लागले, आणि त्याला अंड्याचा आकार आला. त्याच वर्षी सप्टेंबरात तेथे ५०० मैलांची शर्यत झाली. धावणाऱ्या गाड्या सामान्य माणूस बाजारात विकत घेई त्याच जातीच्या होत्या. जॉनी मँट्झ याची प्लिमथ गाडी वेगात अनेकांहून उणी होती. परंतु तिला मालमोटारीचे टणक टायर बसविलेले असल्यामुळे, इतरांचे टायर एकामागून एक निकामी होत असता ती धावत राहिली व पहिली आली. पुढे मात्र अशा शर्यतींकरिता गाड्या मुद्दाम बांधण्यात येऊ लागल्या, आणि बाजारातील मोटारीशी त्यांचे साम्य बहुतांशी बाह्य रूपापुरते उरले. परीक्षा राहिली, जिची परीक्षा घ्यावयाची ती नित्याची गाडी मात्र मैदानाबाहेर गेली.

आता आपल्या प्रांताकडे वळू. आमचे औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याचा मुलूख सलग नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्याच संस्थानचा आटपाडी महाल सांगली जिल्ह्यात आहे. हा आटपाडी महाल खिल्लार जनावरांचे माहेरघर होय. पाऊस तुटपुंजा, चारा बेताचा, वाट खडकाळ. अशा भूमीत लांब शिंगांचा, कणखर खुरांचा, काटक व चपळ बैल निपजला. नांगर, मोट आणि गाडी ही तिन्ही कामे त्याने पिढ्यान्पिढ्या ओढली. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत त्याचा बाजार भरतो. औंधच्याच खटाव तालुक्यातील पुसेगावी सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बाजारही भरतो आणि बैलगाड्यांच्या शर्यतीही होतात.

डार्लिंग्टनचा मार्ग वाटोळा, आमचे मैदान सरळ. याचे कारण जनावरातच आहे. मोटार तासन्तास फेऱ्या घालू शकते. बैलाचा जोर मात्र थोड्या अंतराचा असतो. म्हणून मैदानात शेजारी शेजारी चाकोऱ्या आखतात, हलक्या छकड्यास दोन बैल जुंपतात, आणि गटांतून निवडलेल्या जोड्या अखेरच्या फेरीस उतरतात.

या खेळाला क्रौर्याचा डाग लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. काठी, आर आणि त्याहूनही निर्दय उपाय कित्येक ठिकाणी योजिले गेले. केंद्र सरकारने २०११ साली बैलांच्या अशा खेळांना मनाई केली, व ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट मोकळी करून दिली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. नियम मोडणारास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद आहे.

तथापि खरा प्रश्न न्यायालयाबाहेरचा आहे. मोट गेली, नांगर ट्रॅक्टरच्या हाती गेला. खिल्लार गाय दूध थोडे देते. तेव्हा शेतकऱ्याने तिला पोसावे ते कशाच्या आशेने? तिच्या पोटी येणाऱ्या खोंडास किंमत येते, या आशेने. ती किंमत आज पुष्कळ अंशी मैदान ठरविते. मैदान ओस पडले तर खोंडाचे मोल घसरते, आणि पाठोपाठ गाय दावणीवरून सुटते. उलट, मैदानाने केवळ क्षणभराच्या वेगाचेच कौतुक केले, तर डार्लिंग्टनच्या गाडीप्रमाणे आमचा बैलही नुसता शर्यतीचा होऊन बसेल, आणि ज्या काटकपणासाठी हा वंश नावाजला तो गुण हरपेल.

म्हणून शर्यत राहावी, परंतु काठीवाचून राहावी. शेतकरी पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग लावतो व ज्याच्यापुढे पुरणपोळी ठेवतो, त्याच बैलाच्या पाठीवर मैदानात वळ उठावेत, हे आपल्या परंपरेस शोभत नाही. बैल आपल्या उमेदीने धावेल तेवढेच त्याचे धावणे खरे, आणि त्यावरून ठरलेला पहिला क्रमांकच खरा.